परदेशात सेवेला गेलेल्या आई-पप्पांसाठी चटणी करून घेतली, त्या डंकाबद्दल

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीजवळच्या या डंकावर, म्हणजे मिरची-मसाला कांडून देतात तिथं, कांदा-लसूण चटणी करून घेतली, चव एकदम नाद खुळा, स्टार कापायचाच तर पॅकिंगसाठी कापेन.

आई रिटायर्ड नर्स, पप्पा रिटायर्ड शिक्षक, दोघं चर्चतर्फे मिशनरी म्हणून केनियात आहेत. या वयात कशाला परदेश असं बरेच जण म्हणाले, पण ज्येष्ठ जोडप्यांना झेपेल असंच काम देतात, आई दवाखान्यात बाळांची वजनं घेते, पहिलटकरणींना समजावून सांगते, पप्पा ऑफिसचे हिशेब बघतात, आणि खर्च सगळा स्वतःच्या पेन्शनमधून हं. १८५२ मध्ये वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी नवरा-बायको कोल्हापूरला आले, आता इथलं जोडपं दुसऱ्या देशात जातंय याचा मला लई अभिमान आहे.

जेवणाचं मात्र अवघड झालं. तिथं उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा आणि सुकुमाची पालेभाजी, पोटभरीचं असतं पण तिखटाचं नावच नाही, पप्पा फोनवर नुसतं चटणी चटणी करत होते. चर्चमधलं एकजण नैरोबीला जाणार होतं, त्यांच्याबरोबर पाठवायची ठरवली.

डंकावरच्या मामांना हे सांगितल्यावर त्यांनी सगळी यादीच बदलायला लावली. कोथिंबीर, ओलं आलं काढून टाका म्हणाले, ओल राहिली की बुरशी धरते. कांदा आधी उन्हात वाळवून मग तेलात तांबूस कुरकुरीत होईपर्यंत तळून आणायला सांगितला, लसूणपण तसाच. मिरची रंगाला ब्याडगी आणि तिखटाला संकेश्वरी, पप्पांना अ‍ॅसिडिटी आहे म्हटल्यावर संकेश्वरी त्यांनी आपणहून कमी केली. मी खोबऱ्याच्या वाट्यापण वेगळ्या बांधून देणार होते तर ते म्हणाले ताई, सुकं खोबरं विमानात नेऊ देत नाहीत, तेलामुळं पेट घेतं, ते भाजून चटणीतच जाऊ दे. आणि पिशवी चेक-इनच्या बॅगेतच टाका, हातातल्या नको. समोर उभं राहून कांडून घेतली, दोनदा चाळली, डोळ्यातनं पाणी आलं पण वास असा की भाकरी घेऊनच बसावं.

पॅकिंग पावकिलोच्या पिशव्यांत, डबल सील, पण एका पिशवीचं सील कडेला सुटलेलं निघालं, घरी बघितलं म्हणून बरं, मामांनी लगेच बदलून दिली तरी निघायच्या आधी प्रत्येक पिशवी दाबून बघाच. तारीखपण कुठं लिहीत नाहीत, मी मार्करनं लिहिली. दर बाकीच्यांपेक्षा थोडा जास्त आहे पण मला तो पटला.

आता आई रविवारी चर्च झाल्यावर तिथल्या तरुण मिशनरी पोरांना जेवायला बोलावते, बोकडाच्या मटणाचा तांबडा करते, पोरं नाक पुसत पुसत परत वाढून घेतात म्हणे.

एप्रिल-मेमध्ये वर्षाची चटणी करणाऱ्यांची रांग असते, परदेशी पाठवायची असेल तर फेब्रुवारीतच जा, तेव्हा मामांना बोलायला निवांत वेळ असतो.