स्विफ्टसाठी अलॉय व्हील्सची ग्रुप ऑर्डर: माल बरा, कारभार रामभरोसे

बऱ्याच जणांनी मिळून डीलरकडे दिलेली ऑर्डर. व्हील्स पंधरा इंची, ६जे (रिमची रुंदी सहा इंच), ४x१०० पीसीडी (१०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर चार बोल्ट). दर सुट्या सेटपेक्षा खरंच कमी. पण ‘सहा आठवडे’ म्हणून सांगितलेली डिलिव्हरी पाचव्या महिन्यात. नव्या रंगाची बॅच कारखाना किमान संख्या भरल्याशिवाय ओतत नाही, आणि डीलरने ती भरायच्या आधीच शंभर टक्के पैसे घेतले. मग कोणी मध्येच पैसे परत मागितले की संख्या घटते, सगळे पुन्हा लटकतात. हे आधी सांगायला काय जात होतं? ‘माल निघालाय’ हे उत्तर मात्र दर सोमवारी तयार. ट्रान्सपोर्टच्या पावतीचा, म्हणजे एलआरचा, नंबर मागितला की फोन बंद.

व्हील्स दिसायला देखणी, पावडर कोटिंग एकसारखं. खोक्यात हब रिंगच (व्हीलचं मधलं भोक आणि हब यांतली फट भरणाऱ्या कड्या) नव्हत्या. व्हीलचा मधला बोअर, म्हणजे भोक, ७३.१ मिमी, स्विफ्टचा हब (व्हील ज्यावर बसतं तो मधला गोल भाग) ५४.१. रिंग नसेल तर व्हील नेमकं मध्यावर बसेलच असं नाही, आणि हायवेवर स्टिअरिंग थरथरतं. बॅलन्सिंगवाल्याला उगाच शिव्या पडतात. नटही तपासा: एम१२x१.२५ (१२ मिमीचे, पिच म्हणजे आट्यांमधलं अंतर १.२५ मिमी) हवेत, दीड पिचचे जबरदस्तीने फिरवलेत तर स्टड (नट ज्यावर बसतो तो आटेदार दांडा) गेलाच. टायर चढवण्याआधी प्रत्येक व्हील मशीनवर नुसतं फिरवून रिम डोलतेय का बघा. टायर चढल्यावर डीलर बदलून देत नाही.

ऑर्डर द्यायचीच असेल तर पंचवीस टक्के आगाऊ, बाकी एलआर हातात आल्यावर. जीएसटी बिल फर्मच्या नावाचं, पैसेही त्याच खात्यात. पाचपैकी दोन तारे, तेही कोटिंगसाठी.