सरकारी नवजात कक्ष: सिस्टर एक नंबर, मशीनचं गणित गंडलंय

बहिणीच्या बाळाला कावीळ झाली म्हणून सांगली जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात, नाव घेत नाही, एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या खास कक्षात ठेवलेलं. सिस्टर लोक लय भारी, रात्री-अपरात्री विचारलं तरी चिडचिड नाही, आणि जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात औषधं, तपासण्या, ने-आण सगळं फुकट, २०११ पासून आहे हे पण बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

पण मशीनचं काय सांगू. बाळ डोळ्यांना पट्टी बांधून निळ्या लाईटखाली, आणि शेजारचा वॉर्मर, बाळाला ऊब देणारं मशीन, कोपऱ्यात पडून, का तर बाळाच्या पोटाला चिकटवायचा तो तापमान मोजणारा छोटासा प्रोब गेलाय, त्याच्याशिवाय अंगाच्या तापमानाप्रमाणे हीट कमी-जास्त होत नाही. आणि त्याच खोलीत एक नवं कोरं मशीन खोक्यात तसंच! जिल्हा नियोजन समितीचा निधी खरेदीला मिळतो, फीत कापायला झाडून सगळे हजर, प्रोब आणि सर्व्हिसिंगला कुणी वाली नाही. अरे खरेदीच्या आधी सिस्टरांना तरी विचारा की काय पाहिजे ते.

साडेतीन स्टार, कापलेले दीड मशीनचे. जाताना माता-बाल कार्ड आणि आधार न्या, झेरॉक्सवाला लांब आहे.