प्रॉप 1 चा हिशेब: खाट मिळते, पुढचं दार सापडत नाही

कंपनीचे शेअर विकले त्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या काही मराठी घरांच्या टॅक्स रिटर्नमध्ये फॉर्म 540 च्या ओळ 62 वर एक आकडा उमटतो. 10 लाख डॉलरच्या वर जेवढं करपात्र उत्पन्न, त्याचा 1 टक्का. नवरा-बायकोनं एकत्र रिटर्न भरलं तरी मर्यादा 10 लाखच. 2004 साली मतदारांनी हा कर मानसिक आरोग्यासाठी लावला. मार्च 2024 मध्ये प्रपोझिशन 1 (प्रॉप 1) या मतदानाला ठेवलेल्या प्रस्तावानं त्याच्या खर्चाचे नियम बदलले आणि वर 638 कोटी डॉलरचे कर्जरोखे काढायला परवानगी दिली. मतं 50.2 टक्के, म्हणजे अगदी काठावर. एवढे पैसे मोजून काय पदरात पडतं, ते गिऱ्हाइकाच्या नजरेनं बघू.

638 कोटींपैकी सुमारे 440 कोटी उपचारकेंद्रांना आणि 200 कोटींच्या आसपास घरांना. घरांच्या रकमेतली निम्म्याहून थोडी जास्त माजी सैनिकांसाठी राखीव. अपेक्षा अशी की एका वेळी 6,800 जणांना उपचाराची जागा होईल आणि जास्तीत जास्त 4,350 घरं उभी राहतील. 2024 मध्ये राज्यात बेघर 1,80,000 च्या वर होते. भागाकार ज्यानं त्यानं करावा. परतफेड मात्र 30 वर्षं, दर वर्षी सुमारे 31 कोटी.

मुख्य तक्रार मात्र आकड्याच्या लहानपणाबद्दल नाही. रोख्यांचा पैसा भिंती, जागा, दुरुस्ती यांनाच लागतो. रात्रपाळीची नर्स, स्वयंपाकी, समुपदेशक यांचा पगार त्यातून निघत नाही. इमारत घेणाऱ्या संस्थेनं (काउंटी, म्हणजे जिल्ह्याचं प्रशासन, किंवा ना-नफा संस्था असेल तर) 10 टक्के स्वतःचे घालायचे आणि ती 30 वर्षं याच कामाला वापरायची हमी द्यायची. पुढची 30 वर्षं पगार मेडी-कॅलकडून (गरिबांसाठीचा सरकारी आरोग्यविमा; देशभरात त्याला मेडिकेड म्हणतात) आणि त्या 1 टक्क्यातून काढायचा. तो 1 टक्का शेअर बाजाराबरोबर वरखाली होतो. बाजार पडला की श्रीमंतांचं उत्पन्न घटतं, आणि नेमक्या त्याच काळात नोकऱ्या जाऊन रस्त्यावर येणारे वाढतात.

खाटांचंही एक जुनं त्रांगडं आहे. 21 ते 64 वयाचा माणूस 16 पेक्षा जास्त खाटांच्या मानसोपचार संस्थेत असेल तर केंद्र सरकारचा मेडिकेड निधी त्याचे पैसे देत नाही. नियम 1965 चा. म्हणून नकाशेच 16 खाटांचे निघतात. आता 16 खाटांनाही रात्रीची नर्स एक लागते, फोनवर डॉक्टर लागतो, स्वयंपाकघर लागतं. हा ठरलेला खर्च 40 जणांत वाटायच्या ऐवजी 16 जणांत वाटला की प्रत्येक खाट महाग पडते. डिसेंबर 2024 मध्ये कॅलिफोर्नियाला यात केंद्र सरकारची सवलत मिळाली. मुक्काम थोडक्यात आटोपायचा आणि काउंटीनं स्वतःहून सामील व्हायचं, अशा अटींवर.

खरं बिघडतं ते दोन खाटांच्या मध्ये. डिटॉक्स, म्हणजे अंगातली नशा उतरवण्याचा उपचार, बहुधा 3 ते 7 दिवसांत संपतो. पुढच्या निवासी केंद्रात त्या दिवशी जागा नसेल तर माणूस परत त्याच फुटपाथवर. फेंटॅनिल (अफूच्या जातीचं अतिशय जहाल नशेचं द्रव्य) काही दिवस बंद राहिलं की शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. सवयीचा जुना डोस घेतला की श्वास थांबतो. अर्धवट उपचार कधी कधी उपचार न करण्यापेक्षा घातक ठरतो तो असा. ब्युप्रेनॉर्फिन ही तलफ आवरणारी गोळी डिटॉक्समध्येच सुरू करून चिठ्ठीसकट बाहेर सोडणारी केंद्रं यात पुष्कळ बरी. 2022 संपताना ती लिहून देण्यासाठी डॉक्टरला लागणाऱ्या वेगळ्या परवान्याची अट गेली, त्यामुळे डॉक्टर मिळत नाही ही सबब आता चालत नाही. गोळी मात्र घाईनं द्यायची नसते. अंगात फेंटॅनिल असताना दिली तर त्रास एकदम उसळतो, आणि पहिल्याच अनुभवात पोळलेला माणूस पुन्हा येत नाही.

घराची रांग हा दुसरा खड्डा. केंद्र सरकारच्या व्याख्येत 'दीर्घकाळ बेघर' म्हणजे अपंगत्व किंवा आजार, आणि सलग 12 महिने किंवा 3 वर्षांत 4 वेळा मिळून 12 महिने रस्त्यावर अथवा निवाऱ्यात. पुरावा महिन्यागणिक लागतो. पण एका महिन्यात संस्थेच्या माणसाशी एकदाच झालेली, नोंदवलेली भेट त्या अख्ख्या महिन्याला चालते, हे बऱ्याच नव्या कार्यकर्त्यांना माहीत नसतं. तारीख, जागा, सही एवढं वहीत असलं तरी काम होतं. संस्थेतला मुक्काम 90 दिवसांच्या आत असेल तर बेघरपणात खंड धरत नाहीत. 90 किंवा जास्त झाले की धरतात. म्हणजे चांगला लांब उपचार घ्यावा, तर घराचा हक्क सुटतो. असा नियम कुणी मुद्दाम केला नसेल. पण भोगणाऱ्याला त्यानं काय फरक पडतो?

काय चांगलं झालं तेही सांगायला हवं. 1 जुलै 2026 पासून काउंटीला या 1 टक्का कराच्या पैशातले 30 टक्के घरासाठी ठेवायचे आहेत, त्यातले निम्मे दीर्घकाळ बेघरांवर, आणि बांधकामाला घरांच्या रकमेतले फार तर 25 टक्के. उरलेल्यातून भाडं भरता येतं. आणखी 35 टक्के जातात ते माणसाला धरून राहणाऱ्या पथकांना. अशा पथकात एका कार्यकर्त्यामागे साधारण 10 जण असतात. फोन उचलला जातो तो त्यामुळेच. आणि मानसिक आजाराचा शिक्का नसला, नुसतं व्यसन असलं, तरी आता हा पैसा चालतो. सगळ्यात मोठी सुधारणा हीच. याची किंमत मोजली ती प्रतिबंधाच्या छोट्या कार्यक्रमांनी. त्या त्या समाजाच्या भाषेत चालणारे गट काउंटीच्या वाट्यातून चालत होते. ती रक्कम आता आक्रसली.

पाचपैकी तीन तारे. चौथा तारा डिटॉक्सहून सुटताना पुढची खाट हातात दिली जाईल त्या दिवशी.

कुणासाठी रस्ता शोधत असाल तर आधी त्या काउंटीची 24 तासांची मोफत ॲक्सेस लाइन (मदतीचा फोन) फिरवा. 988 ही हेल्पलाइन संकटाच्या क्षणी. 'जागा नाही' असं उत्तर आलं तर प्रतीक्षायादीत नाव लिहिल्याची तारीख विचारून घ्या, आणि डिटॉक्सला दाखल होण्याआधीच पुढच्या केंद्राचा अर्ज भरा. पिशवीत नॅलोक्सोन (जास्त डोसवरचा उतारा, नाकात मारायचा फवारा) ठेवा. राज्याच्या कॅलआरएक्स योजनेतली दोन फवाऱ्यांची पेटी 24 डॉलरला मिळते. एक फवारा नाकपुडीत मारा, 911 लावा, 2-3 मिनिटांत श्वास आला नाही तर दुसरा.