‘थोडी ओल येते’ म्हणाले आणि क्लेम फेटाळला गेला

गौरी यायच्या आदल्या दिवशी, ९ सप्टेंबर २०२४ ला, आम्ही गुहागरजवळ गावी होतो. दुपारी सव्वाच्या सुमारास पुण्याहून खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला. “अगं, आमच्या हॉलमध्ये धो धो पाणी गळतंय, वर कोणी आहे का?” जास्तीची किल्ली त्यांच्याकडेच असते. त्यांच्या मुलाने दार उघडलं तर घरभर घोट्याएवढं पाणी. गिझरला पाणी देणारा स्टीलच्या जाळीचा कनेक्शन पाइप नटाजवळ फाटला होता. त्याने कॉक बंद केला आणि आधी मोबाइलवर व्हिडिओ काढला. त्या मुलाचे उपकार मी विसरणार नाही.

रात्री उशिरा आम्ही घरी पोचलो. किचनच्या ट्रॉल्यांचं प्लाय खालून फुगून उकललं होतं, दोन्ही कपाटांची दारं लागत नव्हती, बेडरूमची लाकडी फरशी पापडासारखी वर आली होती. टीव्ही वाचला होता, पण भिजलेल्या युनिटवरून उचलून ठेवताना तो ह्यांच्या हातून निसटला आणि स्क्रीन गेली.

घराचा विमा होता. २०२२ साली गृहकर्ज घेताना बँकेतल्या मुलाने हप्त्यातच बसवून दिला होता. “ताई, घरात काहीही झालं तरी कव्हर आहे,” हे त्याचे शब्द. हातात आलं ते दोन पानांचं सर्टिफिकेट. पूर्ण पॉलिसी त्याने दाखवली नाही आणि मी मागितली नाही. हेल्पलाइनवर त्याच रात्री कळवलं आणि तक्रार क्रमांक घेतला. खर्चाचा अंदाज सुताराकडून, वायरमनकडून काढला. ट्रॉल्या ९२ हजार, कपाटं ७८, फरशी ४१, वायरिंग आणि रंग २३, टीव्ही ३४. एकूण २ लाख ६८ हजार.

११ तारखेला सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासायला कंपनीने नेमलेले गृहस्थ, आले. अतिशय सौम्य माणूस. चपला बाहेर काढल्या, गौरींना नमस्कार केला, चहा घेतला. फोटो काढता काढता सहज विचारावं तसं विचारलं, “पावसाळ्यात बाथरूमच्या भिंतीला ओल येते का हो?” मी म्हणाले, “थोडी येते, आमच्या अख्ख्या बिल्डिंगलाच येते.” त्यांनी मान हलवली आणि पॅडवर काहीतरी लिहिलं. जाताना छापील इंग्रजी फॉर्म पुढे केला. “व्हिजिट झाल्याची सही, मॅडम.” मला इंग्रजी येतं. पण घरात गौरीचं जेवण, सवाष्ण यायची वेळ झालेली, ओल्या गाद्या गच्चीवर. पॅड गुडघ्यावर धरून मी सही केली.

२१ ऑक्टोबरला पत्र आलं: नुकसान हळूहळू झिरपणाऱ्या पाण्यामुळे आणि वापराच्या झिजेमुळे झालेलं असल्याने दावा नामंजूर. टीव्हीसाठी वेगळी ओळ, अपघाती मोडतोड पॉलिसीत येत नाही.

मी पहिल्यांदाच पूर्ण पॉलिसी मागवून वाचली. आमची ‘भारत गृह रक्षा’ निघाली, म्हणजे विमा नियामक इर्डाने १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना विकायला लावलेली एकसारखी पॉलिसी. ‘काहीही झालं तरी’ असं त्यात कुठेच नाही. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल अशी ठरावीक कारणांची यादी आहे. टीव्ही हातून पडणं त्या यादीत नाही, तेव्हा तिथे कंपनी बरोबर होती आणि मी तो मुद्दा सोडून दिला. पण त्याच यादीत पाण्याच्या टाक्या, उपकरणं आणि पाइप फुटणं किंवा ओसंडून वाहणं स्वच्छ लिहिलेलं आहे. घराच्या विम्याच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत, घरातलं सामानही आपोआप धरलेलं आहे. आमचं घर ३० लाखांचं, म्हणजे सामान ६ लाखांपर्यंत. मग माझ्या फाटलेल्या पाइपचं झिरपणं कुठून झालं?

सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागितली. “तो अंतर्गत कागद आहे” असं फोनवर सांगितलं. तसं नसतं. विमाधारकाने मागितला तर सर्व्हे अहवाल द्यावा लागतो. मी ईमेलवर लेखी मागणी केली, तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही तोच मेल पाठवला, तेव्हा आठवड्याने अहवाल आला. चौथ्या पानावर होतं: घरात बऱ्याच महिन्यांपासून ओल असल्याचं विमाधारकाने मान्य केलं आहे. आणि सोबत माझी सही असलेल्या फॉर्मची प्रत. त्यात हेच वाक्य हाताने लिहिलेलं, माझ्या सहीच्या वर. फाटलेल्या पाइपचा अहवालात उल्लेखही नव्हता, फोटोही नव्हता. मी तो पाइप सर्व्हेअरच्या हातात दिला होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पैशापेक्षा, आपल्याच घरात आपल्या तोंडच्या शब्दांचं असं काही केलं गेलं, ह्याचाच त्रास जास्त झाला.

कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला सविस्तर लिहिलं, इर्डाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवरही तक्रार टाकली. (त्यांचा फोन नंबर १५५२५५ आहे.) इर्डाच्या जून २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे सर्व्हे अहवाल १५ दिवसांत आणि त्यानंतर ७ दिवसांत कंपनीचा निर्णय यायला हवा, तेही लिहिलं. नोव्हेंबरच्या मध्यात उत्तर आलं, दोन ओळींचं: आधीचा निर्णय कायम.

आता पुरावा हवा होता. पाइप मी जपून ठेवला होता. प्लंबर तो भंगारात टाकायला निघाला होता, ह्यांनी परत मागून घेतला. काकूंच्या मुलाचा व्हिडिओ होता, वेळेसकट. पण सगळ्यात उपयोगी पडली ती आमच्या वॉचमनची वही. पंप कधी लावला, कधी बंद केला, हे ते रोज लिहितात. ९ सप्टेंबरच्या पानावर होतं: सकाळी ७.१५ ला टाकी फुल्ल, ११.३० ला टाकी रिकामी, पंप परत चालू. एरवी ती टाकी संध्याकाळपर्यंत पुरते. भिंतीत झिरपणाऱ्या ओलीने विंगची टाकी चार तासांत रिकामी होत नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींनी त्या पानाच्या झेरॉक्सवर सही-शिक्का दिला. प्लंबरने पाइप नेमका कुठे आणि कसा फाटला ते मराठीत लिहून दिलं.

डिसेंबरमध्ये विमा लोकपालांकडे, म्हणजे ग्राहक आणि विमा कंपनी यांच्यातले वाद सोडवणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, तक्रार केली. ह्याला फी नाही, वकील लागत नाही. कंपनीने नकार दिल्यावर, किंवा लेखी तक्रारीला महिनाभर उत्तरच दिलं नाही तर, एका वर्षाच्या आत जाता येतं. दाव्याची मर्यादा ५० लाख रुपये. पुण्याचं कार्यालय नारायण पेठेत न. चिं. केळकर रस्त्यावर ‘जीवन दर्शन’ इमारतीत आहे, तक्रार ऑनलाइनही करता येते. तिथेही जमलं नाही तर ग्राहक आयोग आहे, त्याला दोन वर्षांची मुदत. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, आपल्यावर नाही.

तक्रार दाखल झाल्यावर दोन फोन आले, ते मुद्दाम सांगते. पहिला कंपनीतून. “मॅडम, ४० हजार देतो, आजच व्हाउचरवर सही करा, नाहीतर हेही जातील.” व्हाउचरवर ‘पूर्ण व अंतिम’ असं छापलेलं होतं, म्हणजे सही केली की पुढे काही मागायचं नाही. डिसेंबरात मुलीच्या क्लासची फी होती, सुताराचे पैसे थकलेले. मन खूप डळमळलं. ह्यांनी कागद हातातून घेतला आणि बाजूला ठेवला. दुसरा फोन एका बाईचा. लोकपाल कार्यालयातून बोलते म्हणाली, फाइल लवकर लावायला साडेसहा हजार ऑनलाइन भरा म्हणाली. पॉलिसी नंबर तिला तोंडपाठ होता. फी नसते हे मला माहीत होतं म्हणून मी वाचले. माझ्या सासूबाईंनी फोन घेतला असता तर पैसे गेले असते.

मार्चमध्ये सुनावणी झाली. मी पाइप कापडी पिशवीत घालून नेला होता. टेबलावर ठेवला, वहीचं पान ठेवलं, काकूंच्या मुलाचा व्हिडिओ दाखवला. कंपनीच्या प्रतिनिधीला विचारलं गेलं की सर्व्हे अहवालात पाइपबद्दल काही का नाही. त्याच्याकडे उत्तर नव्हतं. दोन्ही बाजूंच्या संमतीने तडजोड झाली. टीव्ही वगळला. बाथरूमच्या भिंतीच्या रंगाचे ९ हजार वगळले, कारण तिथे जुनी ओल खरंच होती आणि मी तसं सांगितलंही होतं. बाकी २ लाख २५ हजार मे महिन्यात खात्यात जमा झाले.

काकूंच्या छताचा आणि पंख्याचा खर्च ह्या पॉलिसीत बसत नाही, कारण ती फक्त आपल्या घरापुरती असते. तो आम्ही खिशातून दिला, आनंदाने दिला.

परवा शेजारच्या विंगमधले एक निवृत्त काका नकाराचं पत्र घेऊन आले. त्यांच्या गच्चीवरची टाकी फुटली होती आणि पत्रात तेच शब्द: ‘हळूहळू झिरपणं’. मी आधी विचारलं, सर्व्हेअरच्या फॉर्मवर सही केली होती का. केली होती, वरचा रकाना तेव्हा कोरा होता म्हणाले. रविवारी सकाळी वॉचमनची वही घेऊन आम्ही बसणार आहोत.