लाइफ जॅकेट आणि तरंगणारा दोर: गोसेखुर्दच्या पाण्यावर सहा महिने वापरून

आम्ही ढिवर, मासेमारी करणारे. पवनी तालुक्यात, गोसेखुर्द धरणाच्या बॅकवॉटरला लागून आमचं गाव. मी आणि धाकटा भाऊ रोज पहाटे लाकडी नावेतून जाळी उचलायला जातो. दिवाळीआधी ऑनलाइन दोन लाइफ जॅकेटं मागवली, १,२५० रुपयांना एक. दोर मात्र इथल्याच दुकानातून घेतला, १५ मीटर.

जॅकेटचा फोम चांगला आहे. रात्रभर टाक्यात दगडाखाली दाबून ठेवलं, तरी पाणी प्यायलं नाही. भडक केशरी रंग जलपर्णीच्या हिरव्यात लांबून दिसतो. शिट्टीही खणखणीत. पण मांड्यांमधून जाणारा पट्टाच नाही, आणि त्याची किंमत आम्हाला जानेवारीत कळली.

धरणात बुडालेल्या झाडांचे खुंट अजून पाण्याखाली आहेत. जाळं एका खुंटाला अडकलं, भाऊ वाकून ओढत होता, ते एकदम सुटलं आणि तो उलटा पाण्यात पडला. जॅकेट सरकून पार कानापर्यंत आलं. त्याला पोहता येतं, पण एक हात जॅकेट खाली ओढण्यातच अडकला. वर वारा नावेला त्याच्यापासून दूर नेत होता. "दादा, दोर टाक!" एवढंच तो ओरडला.

मी उडी मारली नाही. मारली असती तर नाव वाऱ्याबरोबर गेली असती आणि दोघंही पाण्यात राहिलो असतो. त्याच्यावरची नजर न हलवता दोर भरून ठेवलेली पिशवी फेकली. पहिल्यांदा ती अलीकडेच पडली. दोर भराभर ओढून घेतला, वजनासाठी पिशवीत थोडं पाणी भरलं आणि त्याच्या डोक्यापलीकडे फेकली. दोर खांद्यावर आला, त्यानं धरला.

म्हणून दोराला माझ्याकडून पूर्ण ५ तारे. हा पॉलिप्रोपिलीनचा आहे, पाण्यावर तरंगतो. दुकानदार आधी नायलॉनचा देत होता. तो मजबूत असतो, पण बुडतो आणि पायाला वेढे घालतो. दुकानातच पेल्यातल्या पाण्यात दोन्हींचे तुकडे टाकून पाहा. आणि दोर गुंडाळून ठेवू नका, पिशवीत नुसता कोंबत जा, म्हणजे फेकताना गुंता होत नाही.

भावाला बाजूनं ओढलं असतं तर नाव कलंडली असती. टोकाकडून घेतलं, तरी ओले कपडे घातलेला माणूस हातानं वर येईना. शेवटी दोराचा फास करून खाली सोडला, त्यात पाय देऊन तो चढला. तेव्हापासून असा फास नावेच्या टोकाला कायम बांधलेला असतो, आणि जाळं कापायला दोघांच्या कमरेला चाकू.

जॅकेटला ३ तारे. आईनं जुन्या बॅगेचे पट्टे शिवून मांडीपट्टा केला, आता ते वर चढत नाही. लेबलवर ५० न्यूटन (तरंगवून धरण्याचा जोर) लिहिलंय, म्हणजे पोहता येणाऱ्या आणि शुद्धीवर असलेल्या माणसापुरतं. बेशुद्ध माणसाचं तोंड ते वर फिरवणार नाही. बाबांचे गुडघे गेलेत, तरी ते नावेत येतातच. त्यांच्यासाठी १०० न्यूटनचं, कॉलरवालं आणि मांडीपट्ट्याचं मागवलंय. आलं की आधी गावच्या बोडीत (लहान तळ्यात), छातीभर पाण्यात, मी स्वतः घालून पाहणार.