श्रीखंडाचा डबा आणि आमच्या डॉक्टर मॅडम (५ पैकी ४ स्टार)

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाहीये, आधीच सांगते. एकतर खाली दोन-चार तक्रारी आहेत आणि दुसरं म्हणजे तिथे आत्ताच दोन-दोन तास बसावं लागतं, अजून गर्दी झाली तर माझंच मरण. नाशिकला कॉलेज रोडच्या बाजूला एका गल्लीतलं मॅटर्निटी होम आहे, एवढं पुरे. मी पाथर्डी फाट्याहून जाते, मला ३४ वा आठवडा चालू आहे, पहिलंच आहे.

रिव्ह्यू खरं तर ओपीडीचा नाहीये. ओपीडी जशी सगळीकडे असते तशीच आहे, केसपेपर, वजन, बीपी, मग नंबर येईपर्यंत समोरच्या भिंतीवर "येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही" हा बोर्ड चाळीस वेळा वाचायचा. रिव्ह्यू आहे तो महिन्यातून दोन शनिवारी दुपारी चार वाजता वरच्या हॉलमध्ये होणाऱ्या शंका-समाधानाचा. माणशी १०० रुपये, चहा-बिस्किट धरून. मॅडम स्वतः बसतात, कधी कधी आहाराच्या एक ताई असतात. आणि टेबलावर एक रिकामा श्रीखंडाचा डबा, अर्धा किलोवाला, झाकणाला कात्रीने चीर पाडलेली. चिठ्ठीवर प्रश्न लिहायचा, नाव लिहायचं नाही, डब्यात टाकायचा. बास.

ही डब्याची आयडिया ज्या कोणाची असेल तिला माझा साष्टांग नमस्कार. कारण तोंडाने विचारा म्हटलं की सगळ्याजणी "मला उलट्या होतात, काय खाऊ" एवढंच विचारतात, आणि डब्यातून मात्र काय काय निघतं! खोकलं की लघवी होते. मूळव्याध झालीय पण सांगायची कोणाला. अंगावर पांढरं जातं. नवऱ्याजवळ गेलं तर चालतं का. ही शेवटची चिठ्ठी वाचली तेव्हा हॉलमध्ये जे काही नवरे होते ते सगळे एकदम मोबाईलमध्ये बघायला लागले. मॅडमनी मात्र "भाजी कशी निवडायची" याच आवाजात सांगितलं की प्रेग्नन्सी नॉर्मल असेल तर काही हरकत नाही, पण ब्लीडिंग झालं असेल, वार (प्लासेंटा) खाली असेल किंवा दिवस भरायच्या आधी कळा यायचा धोका सांगितला असेल तर नाही, आणि शंका असेल तर चेकअपला तेवढंच विचारा, मी काही लाजणार नाही. पांढऱ्या पाण्याचंही तसंच. या दिवसांत ते वाढतंच, पातळ-दुधट असेल आणि खाज-वास नसेल तर घाबरू नका, दह्यासारखं घट्ट आणि खाज सुटत असेल तर बुरशीचं इन्फेक्शन, त्याला औषध आहे, पण मेडिकलवाल्याला विचारून ट्यूब आणू नका.

माझा स्वतःचा फायदा सांगते. पाचव्या महिन्यात माझं हिमोग्लोबिन ९.४ आलं, आणि प्रेग्नन्सीत ११ च्या खाली म्हणजे ॲनिमिया धरतात. मी तर लोहाची गोळी रोज न चुकता घेत होते! मॅडमनी एकच विचारलं, "कशाबरोबर घेता?" म्हटलं सकाळी दुधाबरोबर, आणि लगेच कॅल्शियमचीपण, म्हणजे एकदाच विषय संपला. त्या हसल्याच. दुधातलं कॅल्शियम आणि कॅल्शियमची गोळी दोन्ही लोह अंगाला लागू देत नाहीत, वर चहा घेत असाल तर अजून कमी. दोन गोळ्यांत दोन तासांचं तरी अंतर ठेवा, लोहाची लिंबूपाण्याबरोबर घ्या आणि शी काळी झाली तर ते गोळीमुळेच असतं, दचकू नका. एवढंच बदललं. दीड महिन्यात १०.७. म्हणजे इतके दिवस मी दोन्ही गोळ्यांची नुसती भांडणं लावत होते पोटात.

साखरेच्या टेस्टचं पण तिथेच कळलं. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात, दोन तासांनी रक्त, १४० किंवा वर आलं तर प्रेग्नन्सीची शुगर. उपाशीच यायला पाहिजे असं नाही. चव म्हणाल तर उसाच्या रसात परत साखर घातल्यासारखी, माझ्या शेजारच्या बाईंना तिथेच उलटी झाली आणि बिचारीला परत दुसऱ्या दिवशी यावं लागलं. हळूहळू प्या, गटागट नको.

एका शनिवारी एक नवरा खरोखर टेन्शनमध्ये उभा राहिला. म्हणे रिपोर्टवर आठ आठवडे लिहिलंय, पण मॅडम आठ आठवड्यांपूर्वी तर मी पुण्याला ट्रेनिंगला होतो. हॉलमध्ये पिन ड्रॉप सायलेन्स. बायको तर अशी लाल झाली! मॅडम म्हणाल्या अहो बसा, दिवस शेवटच्या पाळीच्या पहिल्या तारखेपासून मोजतात, त्यामुळे पहिले दोन आठवडे गर्भ नसतोच, हिशोबात मात्र असतात. तो खाली बसला. घरी जाताना त्याचं काय झालं असेल देव जाणे.

आता मुख्य गोष्ट. माझ्या सासूबाई निफाडच्या, घरची द्राक्षबाग. सातवा लागला तशा आमच्याकडे राहायला आल्या आणि येताना सूचनांचं गाठोडं घेऊनच आल्या. पपई घरात आणायची नाही, केशर-दूध रोज म्हणजे बाळ गोरं, दोघांचं जेवायचं, आणि द्राक्षं मात्र आपल्याच बागेची म्हणून खा कितीही. मला भांडायचं नव्हतं, म्हणून म्हटलं आई, शनिवारी माझ्याबरोबर चला, चहा पण असतो. नवरा गाडी लावायला गेला तो चाळीस मिनिटांनी उगवला (पार्किंग नाही, ही तक्रार नंबर एक), तोवर आम्ही दोघी वर.

मॅडमनी आईंना छान बोलतं केलं. पपईबद्दल म्हणाल्या काकू, तुमचं अर्धं बरोबर आहे, कच्ची आणि अर्धवट पिकलेली नकोच, तिच्यातला चीक त्रास देतो, पूर्ण पिकलेल्या फोडीने काही होत नाही. केशर चवीला घाला, रंग आई-बापाकडून येतो. दोघांचं जेवण नाही, एखादी भाकरी, वाटीभर डाळ-उसळ, एखादं फळ एवढं जास्त पुरतं. आणि द्राक्षावर विचारलं, "काकू, फवारणी शेवटची कधी झाली?" आई एकदम गप्प. मग म्हणाल्या धुऊनच देते हो मी. वाहत्या पाण्यात नीट धुवा, आणि शुगर निघाली तर मोजून. आईंना पटलं, कारण डॉक्टर बाईला फवारणी कळते म्हणजे बाई हुशार!

मग डबा उघडला. चौथी की पाचवी चिठ्ठी. मॅडमनी उलगडली, जरा थांबल्या, हसल्या आणि म्हणाल्या वा, वर "श्री" लिहिलंय. आणि माझ्या पोटात धस्स झालं. आमच्या आई वाण्याच्या यादीवर श्री लिहितात. दूधवाल्याच्या हिशोबावर लिहितात. गॅस सिलेंडर कधी लावला ते कॅलेंडरच्या मागे लिहितात त्याच्याही वर श्री. चिठ्ठीत होतं, पाळी जाऊन पाच वर्षं झाली, दोन महिन्यांपासून मधूनच डाग लागतो, उष्णतेने असेल का, दाखवायची गरज आहे का.

मी आईंकडे बघितलं नाही. आई समोरच्या बिस्किटांकडे बघत होत्या.

मॅडमनी पण कोणाकडेच बघितलं नाही, ते मला फार आवडलं. सरळ भिंतीकडे बघून सांगितलं. पाळी पूर्ण बंद होऊन वर्ष झालं आणि त्यानंतर एक डाग जरी लागला तरी दाखवायचंच, उष्णता-बिष्णता काही नाही. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, आतली त्वचा कोरडी आणि पातळ होते, पण काही जणींमध्ये तो गर्भाशयाच्या कॅन्सरचा पहिला इशारा असतो आणि लवकर सापडला तर बरा होतो. सोनोग्राफीत आतल्या अस्तराची जाडी बघतात, ४ मिलिमीटरपर्यंत असेल तर सहसा काळजी नसते, जास्त असेल तर तुकडा तपासायला घेतात. मग म्हणाल्या, "ज्यांची चिठ्ठी आहे त्यांनी सोमवारी या. सुनेला घेऊन या नाहीतर एकट्या या, पण या." झाकण लावलं आणि पुढची चिठ्ठी घेतली.

रिक्षात (गाडी लांब लावलेली, नवऱ्याला म्हटलं तू ये मागून) आई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुझं एवढं सगळं चाललंय, त्यात माझं कुठे काढू." दोन महिने अंगावर काढलं बाईंनी, माझ्यासाठी डिंकाचे लाडू वळत. सोमवारी गेलो. जाडी ३ मिलिमीटर आली, तपासणीत बाकीही काही निघालं नाही, कोरडेपणाच होता, लावायला क्रीम दिलं आणि परत डाग दिसला तर लगेच या म्हणून सांगितलं. हे सगळं आईंना विचारूनच लिहितेय. त्या म्हणाल्या लिही, फक्त नाव नको.

आता तक्रारी, कारण पाचवा स्टार का कापला ते कळायला पाहिजे. लिफ्ट अर्धा वेळ बंद, आणि पोट घेऊन दोन मजले चढायचे. छापील सूचनांचं पत्रक इंग्रजीत, आईंना काय उपयोग. खालचा मेडिकलवाला प्रत्येकीच्या हातात प्रोटीन पावडरचा डबा ठेवतोच, मॅडमनी चिठ्ठीत लिहिलेली नसताना. हॉलच्या दारात नाळेतलं रक्त साठवून ठेवणाऱ्या कंपनीचा एक मुलगा टाय लावून उभा असतो आणि असा बोलतो की आपण पैसे भरले नाहीत तर आपण आई म्हणायच्या लायकीच्या नाही.

पण खरा राग आला तो रात्रीच्या फोनचा. ३१ व्या आठवड्यात एका रविवारी संध्याकाळपासून बाळाची हालचालच जाणवेना. जेवले, डाव्या कुशीवर झोपून वाट बघितली, काही नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या आठव्यात बाळ शांतच होतं, जागा राहत नाही फिरायला. हे साफ चूक आहे बरं का, डब्यातली चिठ्ठी आठवत होती मला, ढुशीची पद्धत बदलते पण हालचाल शेवटपर्यंत कमी व्हायला नको, कमी वाटली तर सकाळची वाट बघायची नाही. इमर्जन्सी नंबर लावला. सात वेळा. कोणी उचलला नाही! शेवटी रात्री साडेअकराला तसेच निघालो. सिस्टर होत्या, त्यांनी लगेच पोटाला पट्टे लावून वीस मिनिटं ठोके बघितले, सगळं नीट होतं, आणि पट्टे काढता काढता साहेबांनी अशी लाथ मारली की विचारू नका. फोन का नाही उचलला विचारलं तर म्हणे मोबाईल चार्जिंगला होता. इमर्जन्सीचा मोबाईल! मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी कारणं न देता माफी मागितली, आता लँडलाईन पण दिलीय, पण मी अजून ट्राय केली नाहीये, करायची वेळ न येवो.

अजून एक दोन गोष्टी पटकन. सत्र फक्त पोटुशींसाठी नाहीये. एक आई कॉलेजातल्या मुलीला घेऊन आलेली, पीसीओडी (हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित होते तो त्रास) आहे, लग्न झालं की पाळी आपोआप रेग्युलर होईल ना म्हणे. मॅडम म्हणाल्या लग्न हे औषध नाही ताई. वजन जास्त असेल तर आहे त्याच्या पाच-दहा टक्के कमी केलं तरी फरक पडतो, शुगर तपासा, आणि तीन-तीन महिने पाळी येत नसेल तर "बरंय, कटकट नाही" म्हणून बसू नका, आत अस्तर जाड होत राहतं. मुलगी आईकडे अशी बघत होती की मला टाळी द्यावीशी वाटली तिला. आणि "पोट पुढे आलंय, मुलगा का" अशी एक चिठ्ठी दर वेळी असतेच. ती मॅडम वाचत नाहीत, फाडतात, आणि गर्भलिंगनिदान-बंदीच्या १९९४ च्या कायद्याचं एक वाक्य सांगून पुढे जातात.

खर्चाचं म्हणाल तर तपासणीची फी पहिल्या वेळी ७०० आणि नंतर ५००. ज्यांना जड जातं त्यांनी दर महिन्याच्या ९ तारखेला सिव्हिलला किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात जावं, प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात चौथ्या महिन्यापासून पुढे डॉक्टरांची तपासणी फुकट असते. आमची कामवाली ताई जाते, रांग मोठी असते पण तपासणी नीट होते म्हणे.

परवाच्या शनिवारी परत जायचंय. आईंनी पिंपळगावहून त्यांच्या दोन्ही बहिणींना बोलावून घेतलंय, आणि काल रात्री डायनिंग टेबलवर तिघींच्या चिठ्ठ्या आधीच लिहून तयार होत्या. मी वाचल्या नाहीत. तिन्हींवर श्री होतं तेवढं दिसलं.