कॉलमला एकही भोक नव्हतं

एका जुन्या इमारतीच्या खोट्या रिपोर्टपायी एकूण १५,२७,००० रुपये गेले. पहिल्या इंजिनिअरची फी ३५,०००, दुसऱ्याची ४२,००० आणि कॉलम-बीमच्या दुरुस्तीचे १४,५०,०००. बुडालेलं भाडं यात धरलेलंच नाही. हे लिहायला आठ महिने लागले, कारण घरातही खरा आकडा सांगायची लाज वाटत होती.

भाड्याने देण्यासाठी मी एक जुनी दुमजली इमारत घेत होते. डोळे झाकून उडी मारली असं कुणी म्हणू नका. वकिलाकडून टायटल तपासून घेतलं होतं, स्ट्रक्चरल रिपोर्टशिवाय, म्हणजे इमारत किती मजबूत आहे हे इंजिनिअरने तपासून लिहून दिल्याशिवाय, व्यवहार नाही हेही पहिल्याच बैठकीत बजावलं होतं. त्यावर दलाल म्हणाला, "आमचे एक इंजिनिअर आहेत, दोन दिवसांत रिपोर्ट देतात. फी माझ्याकडेच द्या." पुढचं तुम्हाला कळलंच असेल. दलालाने आणलेला इंजिनिअर दलालाचाच असतो, पैसे कुणीही भरोत.

पाहणीच्या दिवशी मी तिथेच उभी होते. प्लास्टर न काढता, ताज्या रंगावरच त्याने हॅमर टेस्ट, म्हणजे स्प्रिंगच्या हातोडीने ठोका देऊन उसळी मोजायची चाचणी, घेतली. ती उघड्या काँक्रीटवर घ्यायची असते आणि तीही फक्त पृष्ठभागाचा कठीणपणा सांगते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तो दोष मी स्वतःकडे घेणार नाही. पण रिपोर्टचं सातवं पान! त्यावर तीन कॉलमच्या कोअर टेस्टचे आकडे होते. कोअर म्हणजे ड्रिलने कापून काढलेला काँक्रीटचा दंडगोल. तो लॅबमध्ये दाबून फोडतात. त्यासाठी मशीन लागतं, कॉलमला मनगटाएवढं भोक पडतं. त्या इमारतीत एकही भोक नव्हतं, बुजवल्याची खूणही नव्हती. ते पान मी वाचलं होतं. 'उत्तम' या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारली होती. आणि त्याच तीन कॉलमजवळ उभं राहून टोकनचा चेक दिला.

पाच महिन्यांनी बीमच्या खालचा थर निखळून पडला. नशिबाने खाली कुणी नव्हतं. दुसरा इंजिनिअर मी स्वतः शोधला. त्याने प्लास्टर काढून काँक्रीट फोडलं आणि त्यावर फिनॉल्फ्थॅलिन हे रंग बदलणारं रसायन मारलं. चांगलं काँक्रीट गुलाबी होतं. आमचं सळयांपर्यंत बिनरंगी राहिलं. म्हणजे सळयांना गंजापासून वाचवणारा अल्कधर्म संपला होता. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो. त्या भेगा लिंपून वर रंग दिलेला होता.

रिपोर्टवरचा शिक्का भलत्याच इंजिनिअरचा निघाला. परवान्याचा क्रमांक ज्याचा आहे त्याला आधी फोन करा. मी नंतर केला. "शिक्का मी मारलेला नाही," म्हणाला, पण लिहून देईना.

पोलिसांकडे चार खेपा घातल्या. तीनदा ऐकलं, "दिवाणी वाद आहे, कोर्टात जा." चौथ्यांदा अर्ज घेतला, पोच दिली नाही. वर विचारतात, फीची पावती कुठे आहे? रोख दिली होती, दलालाच्या हातात. तुम्ही फी थेट इंजिनिअरच्या खात्यातच भरा. इंजिनिअरांची संघटना म्हणते, तो आमचा सभासद नाही, आणि ज्याचा शिक्का आहे त्याची तक्रार नाही. बांधकाम परवानगीचं कार्यालय म्हणतं, खाजगी रिपोर्टशी आमचा संबंध नाही. खोट्या शिक्क्यावर माणसं राहायची इमारत सुरक्षित ठरवली जाते आणि गुन्हा कुणालाच दिसत नाही? उद्या कुणी दबून मेलं तर हेच सगळे पंचनाम्याला येतील!

सोमवारी पाचवी खेप. सोबत सातव्या पानाची प्रत आणि दुरुस्तीआधी काढलेले तिन्ही कॉलमचे फोटो नेणार आहे. पोच घेतल्याशिवाय उठणार नाही.